लिंबू बाहेर, वायरी आत

मागे मी तुम्हाला आजोबांचा मोटारसायकलवर बसलेला फोटो पाठवला, तेव्हा तुम्हा दोघांतल्या धाकट्याने विचारलं होतं, "आजी, हँडलवरच्या वायरी कुठे गेल्या?" तुमच्या बाबांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. "आत गेल्या" एवढंच लिहून मी तेव्हा मोकळी झाले, कारण खरं उत्तर मोबाइलवर अंगठ्याने टाइप करण्याइतकं छोटं नाही. आता टेबलाशी नीट बसून लिहिते. एकच अट आहे. हे आत्याआजीला फोनवर वाचून दाखवायचं नाही. का, ते वाचताना कळेलच.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी म्हणतात, आणि बदनापूरच्या या घरात आम्ही तिघं राहतो. वन्संचे यजमान मोटारसायकलच्या अपघातात गेले. तुमच्या बाबांचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या त्या कायमच्याच, आणि आल्या त्याच आठवड्यात त्यांनी आजोबांच्या गाडीला लिंबू-मिरची बांधली. मध्ये एक बिबा, खाली लिंबू, वर हिरव्या मिरच्या, सगळं बारीक लोखंडी तारेत ओवलेलं. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी अंघोळ झाली की त्या पक्कड घेऊन बाहेर येतात, मागच्या आठवड्याचं वाळलेलं लिंबू तोडून घेतात, नवं बांधतात आणि तार पिळून घट्ट करतात. जुनं लिंबू चौकात टाकतात. तारेची कडी मात्र हँडललाच राहू देतात. राखणीसाठी बांधलेली गाठ आपल्या हाताने सोडायची नाही, असं त्यांच्या सासरी मानतात.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली आणि पुढे जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई. माझा लिंबावर विश्वास नाही. पण शनिवारच्या त्या पाच मिनिटांत वन्संचा चेहरा कसा असतो हे मी पाहिलं आहे, म्हणून मी कधी काही बोलले नाही. आजोबा तर चहाचा कप हातात धरून गाडीशेजारी उभे राहतात आणि म्हणतात, "बांध बाई, जल्दी बांध, मोसंब्या वाट बघून राह्यल्या."

मोसंब्या म्हणजे त्यांची बाग. साखर कारखान्याच्या विद्युत विभागातून निवृत्त झाल्यावर आम्ही अंकुशनगरहून इकडे आलो आणि त्यांनी गावाबाहेर, हायवेच्या पलीकडे, मोसंबीची झाडं लावली. तिथे एसटी जात नाही. हायवे ओलांडून मातीच्या रस्त्याने आत जावं लागतं. रोज सकाळी ते गाडीवर जातात आणि दिवस कलताना परत येतात. गाडी नसेल तर बागेत जायला रोज कुणाची तरी मिनतवारी करावी लागेल, आणि आजोबांनी आयुष्यात कुणाची मिनतवारी केलेली नाही.

तर गेल्या वर्षी, मोसंबीचा बहार उतरायच्या सुमारास, गाडी हायवेच्या मधोमध बंद पडली. ते बागेतून परत येत होते, मागच्या सीटवर मोसंबीचं पोतं बांधलेलं. रस्ता ओलांडताना इंजिन एकदम गप्प झालं. समोरून ट्रक येत होता. आजोबांनी पाय टेकत टेकत गाडी दुभाजकाच्या फटीत ओढली आणि ट्रक हॉर्न वाजवत शेजारून गेला. घरी येऊन त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. ज्या ओळखीच्या माणसाने गाडी ढकलत आणायला मदत केली, त्याने दारातच वन्संना सगळं सांगितलं. आणि वन्संना कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं.

रविवारी तुमच्या बाबांचा फोन आला, तेव्हा आम्ही दोघं काही बोलायच्या आत वन्संनी मोबाइल हातात घेतला.

"अरे, तुझा बाप ट्रकखाली जाता जाता वाचला. लिंबू होतं म्हणून वाचला. न्हाईतर आज मी फोनवर रडत बसले असते."

तुमचे बाबा घाबरले. त्यांनी लगेच सांगून टाकलं, "अण्णा, गाडी अजून एकदा बंद पडली तर मी गिऱ्हाईक शोधतो. मग काही बोलायचं नाही. कबूल?"

आजोबा "कबूल" म्हणाले. त्या दिवशी मीही तुमच्या बाबांच्याच बाजूने होते. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून गाडीचा आवाज ऐकत बसायचा मला कंटाळा आला होता. आणि कंटाळ्यापेक्षा भीती जास्त होती. पण जेवताना ते भाकरीचा तुकडा नुसता ताटात फिरवत बसले, तेव्हा मला माझी बाजू तितकीशी आवडेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी अंगणात घेतली आणि कारण शोधायला बसले. पेट्रोल बरोबर, प्लग बरोबर, बॅटरी बरोबर. मग त्यांनी हँडलवरचं लिंबू बाजूला सरकवलं आणि मला हाक मारली.

"म्याडम, चष्मा घेऊन या इकडं."

मला ते लग्नापासून म्याडम म्हणतात. आधी चिडवायला म्हणत होते, आता सवय झाली आहे.

मी चष्मा लावून पाहिलं. उजव्या स्विचपासून निघून हँडलच्या नळीला चिकटून हेडलाइटकडे जाणारी वायरींची काळी जुडी होती. तिच्यावर लोखंडी कड्याच कड्या. एकीला खेटून एक, गंजलेल्या, नवीन, अर्ध्या गंजलेल्या, नवरीच्या हातातल्या चुड्यासारख्या. प्रत्येक शनिवारी वन्संनी तार नळीभोवती गुंडाळली, तेव्हा वायरीही तिच्यात आल्या, आणि पक्कडीने पिळून घट्ट झाल्या. वरून लिंबाचा रस आणि पाऊस. एका ठिकाणी तारेने वायरीचं रबर कापून आतलं तांबं उघडं पाडलं होतं.

"ही इंजिन बंद करायच्या लाल स्विचची वायर," आजोबा म्हणाले. "ही लोखंडाला टेकली की इंजिन बंद. स्विच दाबायची बी गरज न्हाई. खड्ड्यात गाडी हादरली, तार टेकली, खेळ खल्लास."

"म्हणजे लिंबाने वाचवलं नाही. लिंबाने..."

"हळू बोला." त्यांनी दाराकडे पाहिलं. आत वन्संचा कुकर शिट्या देत होता.

"त्यांना सांगा ना, लिंबू मागे नंबर प्लेटला बांधा म्हणून."

"एकदा म्हणून पाहिलं मी. म्हणाली, नजर तोंडाला लागती, शेपटाला न्हाई. आन् आता काय सांगू? तुझ्या लिंबानं मी मरता मरता राह्यलो म्हणून सांगू? तिला?"

यजमान गेले त्या दिवशी त्यांच्या गाडीला काही बांधलेलं नव्हतं, हे वन्संनी मला एकदाच सांगितलं होतं, भाजी निवडताना, मान वर न करता. एवढ्या वर्षांत त्यांनी एक शनिवार चुकवलेला नाही तो त्यामुळेच. लिंबूच गाडी बंद पाडत होतं हे कळलं असतं, तर त्या बाईचं काय झालं असतं याचा मी विचारसुद्धा पुरता करू शकले नाही.

आजोबांनी फाटलेल्या वायरीला टेप गुंडाळली. मग हँडलची नळी बोटाने ठोकून पाहिली.

"लिंबू हलवता येत न्हाई," ते म्हणाले. "मंग वायरीच हलवू."

हँडल ही शेवटी पोकळ नळीच असते. हौशी लोक सगळ्या वायरी त्या नळीच्या आतून नेतात, बाहेर काही दिसू देत नाहीत, हे त्यांनी मोबाइलवर कुठेतरी पाहिलं होतं. ते लोक दिसायला छान म्हणून करतात. आजोबांना वन्संसाठी करायचं होतं. नळीवर किती का तारा पिळेनात, आत वायरींना धक्का लागणार नाही, आणि गाठ कुणी सोडायला नको.

कसं करायचं याची माहिती सगळी इंग्रजीत होती. ती मी वाचली. आमची वाटणी अशीच झाली: वाचायचं मी, हात त्यांचे. हँडल गाडीला जिथे आवळलेलं असतं त्या पकडीजवळ नळीला भोक पाडायचं नाही, तिथे सगळा जोर येतो आणि नळी मोडू शकते. भोकं खालच्या अंगाला पाडायची, म्हणजे पाणी आत जात नाही. प्रत्येक भोकाची कड घासून गुळगुळीत करायची आणि तिच्यात रबरी बुश, म्हणजे रबराची गोल कडी, बसवायचा, नाहीतर तीच कड वायरी कापते. मी वाचून मराठीत सांगत गेले आणि ते "बराबर" म्हणत गेले. मात्र जुन्या हँडलला हात लावायला त्यांनी साफ नकार दिला. जालन्याहून जाड नळीचं नवं हँडल आणलं. काम बिघडलं तर जुनं परत बसवता येईल म्हणून.

आता वन्संच्या नजरेआड हे कसं करायचं हा प्रश्न होता. तो त्यांच्या लेकीने सोडवला. ती जाफराबादला असते. नातवाचं बारसं ठरलं आणि वन्सं तिकडे निघाल्या. जाताना मला दारात बजावून गेल्या, "वहिनी, शनिवारच्या आत येते मी. दादाला गाडी चालवू देऊ नका तवर. लिंबू वाळलंय."

"नाही देत," मी म्हटलं, आणि या वेळी ते अगदी खरं होतं, कारण त्यांची जीप वळणाआड गेली तेव्हा आजोबांनी पाना काढला होता.

त्यांनी गाडी तुळशीवृंदावनाशेजारी पूर्वेकडे तोंड करून उभी केली. कारखान्यात कुठलंही यंत्र उघडायचं तर तोंड पूर्वेला करून नारळ फोडायचा, ही त्यांची जुनी सवय. आमचं अंगण अरुंद आहे. पूर्वेला तोंड केलं की पुढचं चाक वृंदावनाला जवळजवळ टेकतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

भोकं पाडून झाली, कानशीने कडा घासून झाल्या. आजोबांनी बोट फिरवून "झालं" म्हटलं. पण तारा ओढून ओढून घट्टे पडलेल्या त्यांच्या बोटांना बारीक कुसळ कळणार नव्हतं. मी जुन्या रेशमी साडीचा एक तुकडा आणला आणि भोकातून ओढून पाहिला. अडकला. पुन्हा कानस. पुन्हा अडकला. तिसऱ्या खेपेला तो सळसळत बाहेर आला, तेव्हा मी होकार दिला.

"इतकी तपासणी कारखान्यातला साहेब बी करत नव्हता," आजोबा म्हणाले.

"तुमच्या साहेबाची बायको हायवेवर जात नव्हती."

"तुम्ही बी कुठं जाता?"

"माझा नवरा जातो."

ते हसले आणि दुसऱ्या भोकाला लागले.

वायरींच्या टोकाला प्लास्टिकचे कपलर, म्हणजे जोडणीचे ठोकळे, असतात. ते नळीत मावत नाहीत, म्हणून प्रत्येक वायरीची पिन कपलरमधून काढावी लागली. कुठली पिन कुठल्या घरात परत जायची, हा पुढचा घोळ. आजोबा म्हणाले, लक्षात राहील. मी माझा ब्लाउजच्या मॅचिंग दोऱ्यांचा डबा आणला. वायर काढली की तिला एक दोरा, आणि कपलरमधल्या तिच्या घराला त्याच रंगाचा दोरा. डाळिंबी, मोरपंखी, लिंबोणी. हँडल एका बाजूने लग्नाला निघाल्यासारखं दिसायला लागलं.

मग जुडी नळीत सारायची. नळीला दोन बाक असतात, तिथे वायरी अडून बसतात. आजोबांनी जुन्या सायकलच्या ब्रेकची आतली तार आधी नळीतून घातली. ती कडक असून वळते, त्यामुळे बाकातून बरोबर पार झाली. तिच्या टोकाला वायरी बांधल्या, एका बाजूने त्यांनी हळूहळू ओढायचं आणि दुसऱ्या बाजूने मी सारायचं. परकरात नाडी घालतो तसंच काम, फक्त कापडाऐवजी लोखंड. तरी मध्येच जुडी अडली ती अडलीच.

"काहीतरी गुळगुळीत पाहिजे," ते म्हणाले. "तेल नको, रबर खराब होतं."

मी आत जाऊन वन्संचा पावडरचा डबा आणला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मी वायरींना छान पावडर लावली, आणि जुडी खस्सकन पार झाली. त्या हँडलला अजून पाऊस पडला की मोगऱ्याचा वास येतो, असं आजोबा म्हणतात. मला येत नाही.

दोऱ्याला दोरा जुळवून पिना घरात गेल्या. क्लच, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबली पहिल्यासारख्या बाहेरच होत्या, पण त्या नळीला चिकटून जात नाहीत, पुढून वळून जातात. नळी मात्र आता इकडून तिकडून नुसती उघडी, चकचकीत. हॉर्न वाजला. दिवा लागला. डावा-उजवा इंडिकेटर लागला. गाडी सुरू झाली आणि सुरू राहिली. मी देवाजवळ साखर ठेवली. विश्वास नसला तरी साखर ठेवायला हरकत नसते.

आजोबांनी गाडी मागे घेतली, वळवली, बसले, आणि फाटकातून बाहेर पडायला हँडल पूर्ण डावीकडे वळवलं.

इंजिन बंद पडलं.

नेमकी त्याच वेळी फाटकासमोर जीप थांबली आणि वन्सं पिशवी घेऊन उतरल्या. आम्ही धरलं होतं त्यापेक्षा लवकरच आल्या होत्या.

"काय रे दादा? पुन्हा बंद पडली?"

मला त्या क्षणी रविवारचा फोन दिसायला लागला. कबूल म्हटलेलं होतं. आणि वन्संच्या पोटात काही राहत नाही. आजोबा गाडीवर तसेच बसून राहिले, दोन्ही पाय जमिनीवर, हँडल डावीकडे वळलेलं. त्यांचा चेहरा हायवेवरच्या त्या संध्याकाळी कसा झाला असेल, ते मला तेव्हा कळलं.

"न्हाई बाई," ते शेवटी म्हणाले, "बघून राह्यलो नुसतं. आत जा, पाणी पी."

वन्सं बारशाच्या पेढ्यांचा पुडा काढत आत गेल्या. आजोबांनी हँडल सरळ केलं आणि किक मारली. गाडी सुरू. हँडल उजवीकडे, सुरूच. डावीकडे, बंद. ते एकदम वृंदावनाकडे बघायला लागले. कामाच्या पूर्ण वेळात पुढचं चाक तिथे टेकलेलं होतं. हँडल उजवीकडे फिरवून पाहिलं होतं, डावीकडे पूर्ण फिरतच नव्हतं. त्यामुळे डाव्या वळणाला वायर किती लागते, हे मोजायचं राहूनच गेलं होतं.

त्यांनी हेडलाइट उघडला. वायर ताणली जाऊन त्याच लाल स्विचची पिन कपलरमधून निसटत होती आणि आतल्या लोखंडी वाटीला टेकत होती. हँडल सरळ झालं की सुटत होती. दुखणं कळलं तशी त्यांच्या खांद्यांवरची ताठ रेषा उतरली. गाडीचं दुखणं मला एरवी कळत नाही, पण चाळीस-पन्नास वर्षं ते खांदे पाहिल्यावर एवढं कळतं. त्यांनी वायरींना आतून थोडी ढील दिली, पिन नीट बसवली, वाटीच्या आत रबराचा तुकडा चिकटवला. मग गाडी रस्त्याच्या मधोमध, पूर्व-पश्चिम न बघता उभी केली आणि हँडल टोकापासून टोकापर्यंत फिरवत राहिले. इंजिन चालू राहिलं. "आता बसा मागं," ते मला म्हणाले. मी बसले. बागेपर्यंत जाऊन आलो, हायवे दोनदा ओलांडला, आणि परत येताना मी त्यांच्या खांद्यावरचा हात काढून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

शनिवारी सकाळी वन्सं पक्कड आणि लिंबू-मिरची घेऊन बाहेर आल्या. मी दारात, आजोबा चहाचा कप घेऊन गाडीशेजारी. त्यांनी तार नव्या नळीभोवती गुंडाळली आणि पक्कडीने पिळली. एकदा, दोनदा, दात आवळून अजून एकदा. आजोबांनी किक मारली. इंजिन धडधडत राहिलं. पक्कड फिरत होती तरी राहिलं.

वन्संनी मागे सरून हँडलकडे पाहिलं.

"हँडल नवीन घेतलं का रे? बरं केलं. त्या काळ्या वायरी मधीमधी यायच्या, गाठच बसत नव्हती नीट. कव्हाकव्हा वाटायचं, कापूनच टाकाव्या मेल्या."

आजोबांना चहाचा ठसका लागला. मी आत जाऊन पदर तोंडाशी धरला.

रविवारी तुमच्या बाबांचा व्हिडिओ कॉल आला, आणि पहिलाच प्रश्न गाडीचा. मोबाइल वन्संच्याच हातात होता. तुम्ही दोघं मागे सोफ्यावर उड्या मारत होतात.

"गाडी? फाटकात बंद पडल्ती ना परवा," वन्सं म्हणाल्या. आजोबांनी डोळे मिटले. "पडणारच. लिंबू वाळून कोळसा झाल्तं. मी जाफराबादला गेल्ते ना. आता ताजं बांधलंय, काही होत न्हाई तिला. तू कामून काळजी करतो उगाच?"

तुमच्या बाबांनी एकदा आत्याकडे, एकदा अण्णांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावून हसायला लागले. गिऱ्हाइकाचं नाव त्यानंतर निघालेलं नाही. वायरींचं मी त्यांना नंतर वेगळं सांगितलं, वन्सं देवळात गेल्या असताना.

तेव्हापासून गाडी कुठे अडली नाही. संध्याकाळी भाकरी करताना मी खिडकी उघडीच ठेवते, पण ती धुरासाठी. परवा मला आजोबा आलेले कळलेच नाहीत. मागे वळून पाहिलं तर ते स्वयंपाकघराच्या दारात, हातात मोसंब्या घेऊन, "म्याडम, हॉर्न दिला की मी, ऐकू येत न्हाई का आता?" म्हणत उभे होते.